तडा आणि रंग

अध्यक्ष, कुणा परक्या पोरीचं वाटोळं करायचा निकाल तुम्ही हसत हसत दिलात.

लग्नाला नकार का, हे विचारायला मूर्तिकारांच्या जोहे गावात, गावकीच्या बैठकीत तुम्ही जितेशला उभं केलंत. तो सरळ म्हणाला, "मला पुरुष आवडतात." तुम्ही त्याच्या आईकडे वळलात. "हिराकाकू, मूर्तीचा तडा बुजवून वर रंग मारला की गिऱ्हाइकाला कळतं काय? लग्न लावून टाका, सुधारेल." सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकू उठल्या. "माझ्या पोराला तडा नाय, दादा. पण तुमचा रंगावर एवढा भरवसा हाय, तर तुमची मयूरीच द्या मला सून म्हणून."

 

गावकी अजून बसलीय, अध्यक्ष. देताय ना पोरगी?