रिकामं गोदाम

बाबांचा खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा. लहानपणापासून मला म्हणायचे, "तुझ्या लग्नाला गोदामात एकही खुर्ची राहणार नाही." मग साथ आली आणि लग्न घरातल्या घरात, सहा माणसांत उरकायचं ठरलं. लग्नादिवशी सकाळी मी खिडकी उघडली आणि बघतच राहिले. दारापासून पार कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत खुर्च्याच खुर्च्या, पुसून लख्ख, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. इतका भरलेला आणि इतका रिकामा रस्ता कधी पाहिला नव्हता. खिडकीखाली घामाघूम बाबा पहिली रांग सरळ करत होते. गस्तीवरचा पोलीस तावातावाने आला. "एवढी माणसं बोलावलीत?" "माणसं सहाच, साहेब," बाबा म्हणाले. "खुर्च्यांना कुठे बंदी आहे?" पोलिसाने रांगांवरून नजर फिरवली, हळूच विचारलं, "कितीला लागतंय लग्न?" मग तो शेवटच्या रांगेत गेला आणि टोपी मांडीवर ठेवून बसला.