मुद्दाम चुकलेले शब्द

“या खेळात आधी डोकं जातं, मग गुडघे,” लग्नाआधी आईनं तिला बजावलं होतं. “नीट विचार कर.”

“आई, तू टीव्हीवर काहीही बघत बसतेस,” म्हणून तिनं ते उडवून लावलं होतं.

आज त्याच आईचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर टाकला. काल तिच्या नवऱ्याचा शेवटचा सामना झाला होता.

“जावईबापू आले का धड घरी?”

“आला. बोटं वाकडी, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. बाकी धड.”

“आणि डोकं?”

“डोकं होतं तेवढंच आहे, आई,” तो स्वयंपाकघरातून ओरडला. तिकडे आई हसली, इकडे ती हसली. किती वर्षांनी आपण असं मोकळं हसलो, असं तिला वाटलं.

पंधरा जणांचं रग्बी ही त्याची नोकरी होती. दोन्ही संघांचे आठ-आठ गडी डोक्यात डोकी अडकवून रेटारेटी करतात, त्यात तो पहिल्या रांगेत. मुलगी झाल्यापासून तर सामना बघताना तिचं चेंडूकडे लक्षच नसायचं. माणसांचा ढीग पडला की ती श्वास रोखायची. त्या ढिगातून तो उठला की सोडायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामाआधी त्यानं तिला एक युक्ती सांगितली होती.

“हंगामाआधी डॉक्टर पाच शब्द सांगतात. थोड्या वेळानं ते परत म्हणायचे. किती आले ते त्यांच्याकडे लिहिलेलं राहतं. पुढे सामन्यात डोक्याला लागलं की परत तीच परीक्षा. आधीपेक्षा कमी आले की बसा घरी, कितीतरी आठवडे.”

“बरोबरच आहे की.”

“बरोबर आहे. म्हणून सुरुवातीलाच मुद्दाम कमी सांगायचे. आमच्यातले जुने सगळे तेच करतात.”

तिला ते पटलं नव्हतं. पण आधी घरी करून दाखव, असं ती म्हणाली. त्यानं पाचही शब्द घडाघडा म्हटले, वर उलटेही म्हटले. मग मुद्दाम चुकून दाखवलं, तेव्हा मात्र तिला हसू आवरेना.

“असं चोरासारखं तोंड काय करतोस? सरळ विसर ना.”

“सरळ कसं विसरतात?”

“जरा वर बघ. ओठ हलव. आठवतंय पण जिभेवर येत नाहीये, असं.”

तेव्हापासून दर हंगामाआधी ओट्यापाशी त्यांची तालीम ठरलेली. ती भाजी चिरता चिरता शब्द सांगायची आणि तो चुकायचा. वर्षागणिक त्याचं काम सुधारत गेलं. छताकडे जाणारी ती नजर, ते हलणारे ओठ, मधेच ओशाळं हसणं. एकदा तर एकच शब्द सांगून तो गप्प बसला.

“दोन तरी सांग रे, डॉक्टरांना संशय येईल.”

“बरं बाई, दोन.”

सामन्यात त्याच्या डोक्याला लागलं की ती धावत मैदानाच्या कडेला जायची. डॉक्टर परीक्षा घ्यायचे आणि हात झटकून सांगायचे, काही नाही, आधी होतं तसंच आहे. युक्ती ठाऊक असूनही तिला धीर यायचा, कारण तिचा स्वतःचा एक हिशेब होता. मार खाऊनही माणूस नेमका ठरवल्याएवढाच चुकतो, म्हणजे डोकं किती शाबूत असेल. दर वेळी ती मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानायची.

काल निरोपाच्या कार्यक्रमात तर तिनं ते तोंडानंच मानले. मैदान राखणाऱ्या काकांचे, त्याची मान चोळून देणाऱ्या ताईंचे, त्याच्या शेजारी खांदा लावून खेळणाऱ्या दाढीवाल्याचे. तो स्वतः मात्र दोनच वाक्यं बोलला. “भावांनो, नावं घेत बसलो तर जेवण थंड होईल. सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर.” लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. संघात तो सगळ्यांनाच भाऊ म्हणायचा.

“इतकं छोटं भाषण मी आयुष्यात ऐकलं नाही,” दाढीवाला तिला म्हणाला होता. “वहिनी, तुम्हीच लिहून दिलं असणार.”

आता दुपार होती. तो कोचावर आडवा पडला होता आणि मुलगी त्याच्या पोटावर झोपली होती, त्याच्या श्वासाबरोबर वरखाली होत. पुढच्या महिन्यापासून क्लबातल्या लहान मुलांना शिकवायचं काम त्याला मिळालं होतं. ढीग नाही, रेटारेटी नाही, संध्याकाळी घरी. दाराशी ती क्षणभर उभी राहिली. आपल्याला सगळंच्या सगळं परत मिळालं, असं तिला वाटलं.

मग ती त्याच्या पायाशी बसली.

“ए, आता ना परीक्षा, ना डॉक्टर. एकदा खरं खरं म्हणून दाखव.”

“काय?”

“पाच शब्द. न चुकता. मला ऐकायचंय.”

“कशाला उगाच?”

“माझ्यासाठी. खिडकी, लिंबू, घोडा, साबण, पूल.”

त्यानं मुलीचं पांघरूण सारखं केलं. मधे थोडा वेळ जावा म्हणून तिनं दोरीवरचे मुलीचे कपडे काढून आणले, घड्या घातल्या, दूध गॅसवर ठेवलं, उतरवलं. परत येऊन बसली.

“हं. म्हण.”

“खिडकी,” तो म्हणाला. त्याची नजर छताकडे गेली. ओठ हलले. “लिंबू.”

ती हसत वाट बघत राहिली. तोही जरासा हसला.

“पुरे की आता नाटक,” ती म्हणाली. “सवयच लागलीये तुला.”

मुलगी झोपेत हलली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“नाटक पहिल्या वर्षी केलं होतं,” तो हळूच म्हणाला. “नंतर कधी करावंच लागलं नाही.”