मागचा उजवा कोपरा

"दाबा आता!" गाडीखालून बाहेर येऊन हात पुसत ती म्हणाली.

वडिलांनी दोन्ही तळवे बॉनेटच्या कोपऱ्यावर ठेवले, सगळा भार टाकून गाडी दाबली आणि सोडली. गाडी एकदा वर आली आणि गप्प उभी राहिली.

"अगं, काय थांबली बघितलंस?" वडिलांनी चक्क टाळ्या पिटल्या. "पुन्हा दाबू?"

"चार वेळा दाबलीत बाबा. नवे शॉकअप आजच जुने करायचेत का?"

सकाळपर्यंत हाच कोपरा दाबला की गाडी बराच वेळ मान डोलवत बसायची. चाकांचे धक्के झेलणारे जुने शॉकअप पार कामातून गेले होते, आतलं तेल पाझरून नळीवर धुळीचा थर बसला होता. गाडी दोन दारांची, लाल, लेकीपेक्षा वयाने मोठी. घरात सगळ्यांत जास्त लाड तिचेच व्हायचे.

उद्या क्लबची घाटाची शर्यत होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची. पण त्याआधी तपासणी. तपासनीस चारही कोपरे स्वतः दाबून बघायचा. गाडी डुलली की काचेवर खडूची फुली आणि सरळ घरचा रस्ता. दुसरी संधी नाही.

"मिस्त्री, आत बस," वडील म्हणाले. ते तिला मिस्त्रीच म्हणायचे. त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून गाडीखालचं सगळं काम तिच्याकडे आलं होतं. स्टिअरिंग मात्र त्यांचं. ही वाटणी तिच्या लहानपणापासूनची. शर्यतीच्या सरावाला ती शेजारी बसून वळणं सांगायची, आणि स्वप्नात तोच घाट एकटी चढायची. हे तिने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

"ड्रायव्हरच्या सीटवर?"

"मग काय डिकीत? कुणी बसल्याशिवाय गाडी किती दबते ते मला बाहेरून कळणार कसं?"

ती बसली. वडील प्रत्येक शॉकअपची घुंडी एकेक क्लिक फिरवत, मागे सरून एक डोळा मिटून गाडीकडे बघत राहिले.

"आता कशी वाटते?"

"मला विचारून काय उपयोग?"

"सांग तर."

"मागून जरा कडक आहे."

त्यांनी घुंडी मागे घेतली. "तिसऱ्या वळणाला कुठला गिअर?"

"दुसरा. पण वळणाच्या आधी टाकायचा, वळणात नाही."

"आणि पुलानंतर?"

"पाय उचलायचा नाही. कितीही भीती वाटली तरी."

वडील इतके खूश झाले की हातातला पाना त्यांनी स्वतःच्याच पायावर पाडला. तीही हसली. पण ओरडताना त्यांचा हात पायाकडे न जाता छातीकडे गेला, ते तिला दिसलं आणि हसू ओसरलं.

गेल्याच वर्षी ती छाती डॉक्टरांनी उघडून शिवली होती. शर्यतीचं नावसुद्धा काढायचं नाही, असं बजावलं होतं.

"ह्यांनी खरंच एंट्री दिलीये," संध्याकाळी स्वयंपाकघरात आई दबक्या आवाजात म्हणाली. "क्लबातून फोन आला होता. विचारलं तर नुसते हसतात."

"मी बोलून बघू?"

"बोलून ऐकले असते तर मीच जिंकले असते गं. तू काहीतरी कर. त्या डबड्याच्या खोड्या तुलाच ठाऊक."

तरी जेवताना तिने विषय काढलाच. "बाबा, डॉक्टर काय म्हणाले विसरलात का?"

"डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाळतोय मी. तू जेव आणि लवकर झोप. उद्या डोळे ताजे हवेत."

"कुणाचे?"

"सगळ्यांचेच," असं म्हणून ते पुन्हा हसले.

सकाळी वडील न्हाणीघरात गाणं म्हणत होते. तिने मागचं उजवं चाक जॅकवर घेतलं. दोन बोल्ट सोडले, नवा शॉकअप काढला आणि जुना बसवला. त्याच्यावरची धूळ फडक्याने स्वच्छ पुसली. बाबांशी ती पहिल्यांदाच असं वागत होती आणि तिला रडू येत होतं. पण पुलाच्या पुढे, पाय न उचलता, त्या छातीनिशी जाणारे बाबा तिला बघवले नसते.

गाडी ट्रेलरवर चढवून ते पायथ्याशी पोचले. काय तो थाट! इंजिनं गुरगुरत होती, पेट्रोलचा वास नाकात शिरत होता, ओळखीचे-अनोळखी सगळे एकमेकांच्या गाड्यांत डोकी खुपसून बसले होते. वडील तर जमिनीवर नव्हतेच. ते जो भेटेल त्याला हात धरून सांगत होते, "शॉकअप हिने बदललेत, हिने!" तीही उगाच शेजारच्या गाडीत डोकं खुपसून आली.

तपासनीस आला. पुढचा डावा कोपरा दाबला. गप्प. पुढचा उजवा. गप्प. मागचा डावाही गप्प. चौथा दाबून सोडला, तशी गाडी डुलली, पुन्हा डुलली आणि डुलतच राहिली.

"हा गेलाय," असं म्हणून तपासनीसाने काचेवर पांढरी फुली मारली. "आज पळणार नाही."

तिने श्वास सोडला. बाबा वाचले. आता ते भडकतील, ओरडतील, आठवडाभर अबोला धरतील. चालेल. सगळं चालेल. ती मन घट्ट करून वळली.

वडील गाडीकडे बघतच नव्हते. त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"माझंच चुकलं पोरी, निघण्यापूर्वी मी एकदा दाबून बघायला हवं होतं," ते कसंबसं म्हणाले. "ड्रायव्हर म्हणून तुझं नाव दिलं होतं गं मी."