बदललेलं कुलूप

करार मोडायच्या कागदावर तिने दाराबाहेरच्या पायरीवर बसूनच सही केली. पेन परत घेताना दलालाने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"ताई, धाकटा भाऊ म्हणून सांगतो. दोन गिऱ्हाइकं पक्की होत आली होती. तुम्ही लेकीकडे राहता, मग हे बंद घर ठेवून करणार काय? एवढं बिनसलं तरी कशावरून?"

"कुलूप कुणाला विचारून बदललंत?"

दलालाला आधी कळेचना. घर विकायला हातात घेतलं की पुढच्या दाराचं कुलूप बदलायचं, ही त्याची पंधरा वर्षांची रीत होती. आणि त्या रीतीचा त्याला अभिमानही होता.

"सगळीकडेच बदलतो हो. जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात, काय सांगावं?"

"एक माझ्याकडे. एक ह्यांच्याकडे."

तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी बंधाऱ्याचे दरवाजे उघडायला म्हणून कामावर गेला, आणि सकाळी काठावर त्याची नुसती सायकल सापडली. नदीने नेला, असं सगळे म्हणाले. नेला तर नेला, पण परत कुठे दिला होता? मग तिने कसं मानायचं? लेकीच्या हट्टापायी तिने मन मारून घर विकायला काढलं खरं, पण काल जेवताना लेक सहज बोलून गेली, की दाराला नवीन कुलूप किती छान बसवलंय. ते ऐकून तिच्या हातातला घास हातातच राहिला. म्हणजे महिनाभर ह्या दाराला त्याची किल्ली लागतच नव्हती. माणूस दमूनभागून आला असता, तर दारात उभा राहिला असता, आणि त्याला वाटलं असतं की आपल्याला घराबाहेर काढलं.

करार मोडला तर घर होतं तसं परत करायचं, असं कागदात लिहिलेलं होतं. म्हणून दलाल चावीवाल्या म्हाताऱ्यालाही सोबत घेऊन आला होता. जुनं कुलूप म्हाताऱ्याच्या पिशवीत होतं.

"नाहीतरी ह्या नव्या कुलपाने डोकं उठवलंय," दलाल म्हणाला. "गुरुवारपासून किल्लीच आत जात नाही. शुक्रवारी एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं."

चावीवाल्याने बराच वेळ ठोकठोक करून नवीन कुलूप बाहेर काढलं, उलटं केलं आणि तळहातावर आपटलं. पितळेचा एक तुकडा खाली पडला. किल्लीचं टोक.

"कुणीतरी दुसरीच किल्ली घातली," तो म्हणाला. "फिरेना म्हणून जोर लावला. मोडली."

"कार्टी असतील बाहेरची," दलाल घाईघाईने म्हणाला. "नाहीतर एखादा भुरटा चोर."

तिने पर्समधून आपली जुनी किल्ली काढली आणि चावीवाल्याच्या तळहातावर त्या तुकड्याशेजारी ठेवली. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही एकावर एक धरून पाहिलं. दात न् दात जुळत होता. फरक रंगात तेवढा होता. तिची किल्ली पिवळीधमक, आणि तुकडा हिरवा पडलेला. त्याच्या खाचांमध्ये बारीक गाळ बसला होता.

"पाण्यात पडून होती ही," चावीवाला हळू आवाजात म्हणाला. "बरेच दिवस."

दलाल पायरी उतरून खाली गेला आणि उगाचच मोबाईल बघत उभा राहिला. तिला मात्र भीती वाटली नाही. तिला शरम वाटली. गुरुवारी आपण लेकीकडे दुपारभर झोपलो होतो, एवढंच तिला सारखं आठवत राहिलं.

चावीवाल्याने पिशवीतून जुनं कुलूप काढलं. दोन स्क्रू ओठांत धरले आणि तो दाराशी वाकला.

"थांबा," ती म्हणाली. "टोक मोडलेल्या किल्लीने हे उघडेल?"

म्हाताऱ्याने ओठांतले स्क्रू हातात घेतले. "नाही, बाई. टोकाशिवाय आतलं काही हलायचं नाही."

"मग नका बसवू."

दलाल मागे वळला. "ताई, असं काय करता? दाराला नुसतं भोक ठेवून कसं चालेल? कुणीही आत येईल."

"येऊ दे. मी आहे घरात."

ती आत गेली. चावीवाल्याने हत्यारं गोळा केली, जुनं कुलूप उंबऱ्याच्या आत सरकवून ठेवलं आणि निघता निघता दार ओढून घ्यायला हात पुढे केला. आत ती कपाट उघडून काहीतरी शोधत होती. मग ती एक कोरडा टॉवेल घेऊन आली, आणि तो तिने दाराशेजारच्या खुंटीवर, आत येणाऱ्याच्या सहज हाताला लागेल असा टांगला.