हेल्मेटवाली म्हैस

“पिशवी उघड. रंगाचे डबे दाखव,” शार्दूल माझ्या भाचीला, ऋजुताला, म्हणाला.

सदाशिव पेठेतल्या भिंतीवर पुन्हा हेल्मेट घातलेली म्हैस उगवली होती. ही चित्रं काढतं कोण, कुणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रत्येक म्हशीचा पहिला फोटो ऋजुताच्याच ब्लॉगवर यायचा. त्यामुळे बाकीच्या ब्लॉगर पोरांना संशय, की हीच रंगवते आणि हीच फोटो टाकते. आज तिला ग्रुपमधून काढायचं ठरवूनच आले होते.

पिशवीतून जेवणाचा डबा आणि छत्री निघाली.

“घरी लपवले असतील,” कुणीतरी म्हणालं. पोरीचे डोळे भरले. मी आलो होतो मजा बघायला, पण आता राहवेना.

“अरे, म्हशी माझ्या! पहाटे फिरायला जातो तेव्हा रंगवतो, आणि दुधाला हिला मुद्दाम त्याच गल्लीतून पाठवतो. हिला बिचारीला काही माहीत नाही.”

“म्हणजे घरचाच माणूस!” शार्दूल ओरडला. “आता तर खात्रीच झाली!”

ऋजुताने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

थोड्या वेळाने शार्दूल मला बाजूला घेऊन कुजबुजला, “काका, पुढची म्हैस कुठे? फक्त मला सांगा ना.”

मी कानामागे हात धरून गल्लीभर ऐकू जाईल असं विचारलं, “काय म्हणतोस? फक्त तुलाच सांगू?”

सगळ्या माना वळल्या.

“अस्सं होय!” एक मुलगी म्हणाली. “मग नदीकाठच्या भिंतीवर रंगवलेलं ते घुबड सगळ्यांत आधी तुझ्याच ब्लॉगवर कसं आलं रे?”

ऋजुताने डोळे पुसले आणि तीही शार्दूलकडे रोखून बघायला लागली.