दहा ते सहा

शरयूने गाडी सुरू केली आणि नवऱ्याचं गाणं अर्ध्यावरून पुढे वाजू लागलं. याच इलेक्ट्रिक गाडीत तो उष्माघाताने गेला होता. भरदुपारी तळ्याकाठी काय करत होता, कुणालाच कळलं नव्हतं.

गाणं बंद करताना गाडीच्या पडद्यावर त्याने ऐकलेल्या गाण्यांची तारीख-वेळेसकट यादी उघडली. रविवार सोडून रोज दहा ते सहा, चार महिने.

ऑफिसमधलं कुणी भेटायलाही का आलं नाही, ते तिला आता उमगलं. नोकरी कधीच गेली होती. तिने दिलेला डबा तो इथेच बसून खात होता.

गेल्या महिन्यात तीच करवादली होती, "ऑफिस तीन किलोमीटरवर, मग चार्जिंग एवढं उतरतं कसं? एसी कमी लावत जा ना!"

"बरं बाई, नाही लावत."

दुसऱ्या दिवसापासून चार्जिंग टिकायला लागलं होतं.