लशीची खूण

यंत्राने फिलोमिनाचं बोट टोचलं आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: 'एचआयव्ही बाधित. रक्त घेता येणार नाही.'

"मला लागण नाही हो," ती म्हणाली. "एचआयव्हीची पहिली लस आली, तेव्हा चाचणीसाठी आम्हा नर्सेसनीच आधी दंड पुढे केले. तिच्या अँटिबॉडी अजून अंगात आहेत. हे यंत्र त्याच बघतं."

"ठाऊक आहे, सिस्टर," तंत्रज्ञ गावडे म्हणाले. "पण यंत्राने कुलूप लावलं की रक्ताची पिशवी कुणालाही हाताने भरता येत नाही. प्रत्यक्ष विषाणू शोधायची तपासणी शहरात होते. चार तास लागतील."

पलीकडच्या खोलीत तिची लेक ग्रेटा नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. तिच्या दुर्मीळ गटाचं रक्त जिल्ह्यात फक्त आईकडे होतं. फिलोमिनाने दुसरं बोट यंत्रात घातलं, मग तिसरं. दर वेळी तीच अक्षरं.

साडेतीन तासांनी अहवाल आला: विषाणू नाही. यंत्राचं कुलूप उघडलं. गावडे धावतच खोलीत शिरले.

"सिस्टर, चला लवकर!"

फिलोमिना लेकीच्या उशाशी नातीला छातीशी धरून बसली होती.

"आता कुणासाठी?" तिने विचारलं.